जिराफताईचे हात

गल्लीतल्या लोकांनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते पावाच्या दुकानात. सकाळची वेळ होती, रांग दारापर्यंत आली होती. रांगेत एक बाई खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन उभी होती आणि तिच्या मागे ही उंच बाई. उंच म्हणजे दुकानात शिरताना मान खाली घालावी लागेल एवढी. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे. नजर मात्र त्या मुलाच्या पाठीवर. मूल गाढ झोपलं होतं, पाठ संथपणे वरखाली होत होती, आणि हिचे ओठ त्याबरोबर हलत होते.

मुलाच्या आईला ते जाणवलं. तिने वळून विचारलं, "काय बघताय हो?"

"काही नाही," उंच बाई ओशाळली. "छान झोपलाय."

"झोपलाय म्हणून तर पाव घ्यायला निघाले. जागा असता तर दुकान डोक्यावर घेतलं असतं त्याने."

रांग हसली. तीही हसली, पण आवाज न करता. तेवढ्यात मुलाच्या पायातला मोजा सुटला आणि अंगठ्याला लोंबकळायला लागला. कुणीही सहज हात पुढे करून तो वर ओढला असता. तिचाही हात सुटला, थोडा पुढे आला, आणि पुन्हा मागे जाऊन दुसऱ्या हाताच्या मुठीत बसला. मोजा खाली पडला. मग तिने वाकून तो उचलला, आईच्या हातात दिला, अर्धा पाव घेतला आणि निघून गेली.

"कोण हो ही?" मुलाच्या आईने विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावरची," पाववाला म्हणाला. "लहान मुलांच्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. एकटीच असते. माझ्याकडून एवढी वर्षं पाव नेते, पण आजवर एक वाक्य पुरं बोललेली नाही. हॉस्पिटलात तिला जिराफताई म्हणतात म्हणे."

हात पुढे करून मागे घेण्याची ती सवय तिला जन्मापासून नव्हती. उलट तिचे हात आधी फार पुढे असायचे.

तिचं लहानपण दोन खोल्यांत गेलं. वडील ती शाळेत असतानाच गेले. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती, जास्तीची पाळी मिळाली की नाही म्हणत नसे. घरात ही आणि हिच्याहून बरीच धाकटी बहीण. धाकटीला दमा होता. हवा पालटली की तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. मग थोरली तिच्या मागे बसायची आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवायची. हात वरखाली होतोय तोवर सगळं ठीक, अशी तिची समजूत होती. आई कामावरून यायची तेव्हा धाकटी झोपलेली असायची आणि थोरलीचा हात अवघडून गेलेला.

"अगं, काढ आता हात," आई म्हणायची.

"काढला आणि थांबला तर?"

"काय थांबला तर?"

"तिचा श्वास."

"हाताने चालतो का कुणाचा श्वास? वेडी कुठली. ऊठ, जेवून घे."

ती उठायची, पण जेवताना कान तिकडेच असायचे.

नर्स होण्याचं तिने कधी ठरवलं असं नाही. ती आधीपासून तेच करत होती, नंतर त्याचा पगार मिळायला लागला एवढंच. आई गेल्यावर धाकटीचं शिक्षण, कपडे, आजारपणं, मैत्रिणी, सगळं तिने अंगावर घेतलं. दम्याचा एक पंप धाकटीच्या दप्तरात, एक हिच्या पर्समध्ये, एक उशीखाली. धाकटी कॉलेजच्या सहलीला निघाली तेव्हा हिने सरांना इतक्या सूचना दिल्या की सर वैतागून म्हणाले, "मग तुम्हीच चला ना!" आणि ही खरंच गेली. बसमध्ये पहिल्या बाकावर बसून, मान वळवून, मागच्या बाकावर गाणी म्हणणाऱ्या बहिणीकडे बघत गेली. ती सहल धाकटीने तिला अजून माफ केलेली नाही.

पुढे धाकटीला लांबच्या शहरात नोकरी लागली. स्टेशनवर सोडायला गेल्यावर गाडी हलता हलता हिने विचारलं, "पंप घेतलास ना?"

"ताई," धाकटी खिडकीतून म्हणाली, "मला दम्याचा झटका येऊन किती वर्षं झाली, आठवतंय का तुला?"

घरी परतताना ती आठवत राहिली. खरंच आठवेना. दमा कधीतरी गेला होता आणि हिच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर ती एकटी राहायला लागली. कामावरून आल्यावर आधी रेडिओ लावायची, मग दिवा. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर ती बसायची आणि दुसरीवर वाळलेले कपडे ठेवायची, म्हणजे ती रिकामी दिसायची नाही. सुट्टीच्या दिवशी कधीकधी संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं की आज आपण कुणाशीच बोललो नाही. मग ती गॅलरीत जाऊन घसा खाकरून बघायची, आवाज जागेवर आहे ना म्हणून.

हॉस्पिटलात मात्र तिच्या हाताखाली मुलं शांत व्हायची. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात तिने उमेदीची वर्षं काढली. तिथली बरीच मुलं थकलेल्या हृदयाची असायची. तापाने किंवा आणखी कशाने हृदय सुजून ढिलं पडलेलं, रक्त पुढे ढकलता ढकलता मेटाकुटीला आलेलं. अशा मुलाच्या घशातून श्वासनळीत नळी घालायची, मशीनने छातीत हवा ढकलायची आणि झोपेच्या औषधाने त्याला निजवायचं. ती हवेची ढकल थकल्या हृदयाला टेकूसारखी होते, त्याच्या डोक्यावरचं ओझं थोडं उतरतं. एकदा एका बाळाची नळी घाईने काढली गेली होती. बाळ श्वासासाठी झगडायला लागलं आणि ते झगडणंच हृदयाला पेललं नाही. पुन्हा नळी घालेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाळ वाचलं, पण तिने त्या दिवशी एक गोष्ट काळजावर कोरून घेतली. निजलेलं मूल सुरक्षित असतं.

मग तिची बदली वरच्या मजल्यावर झाली, हृदयाची ऑपरेशनं झालेल्या मुलांच्या विभागात. आणि तिथे भिंगरी आली.

भिंगरी हे नाव वडिलांनी ठेवलेलं. पोरगी जन्मापासून निळसर. चार पावलं पळाली की उकिडवी बसायची आणि धापा टाकायची. पण पाय थांबले तरी तोंड थांबत नसे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर तिचं वजन करायला आली तर तिने मान मागे टाकून टाकून वर पाहिलं.

"तू एवढी उंच कशी?"

"लहानपणी कुणीतरी कान धरून वर उचललं."

"खोटं. तू जिराफ आहेस."

"असेन."

"जिराफ बोलत नाही. बाबा म्हणाले. त्याची मान एवढी लांब असते, आवाज वर येईपर्यंत दमतो."

"बरोबर आहे तुझ्या बाबांचं. आता काट्यावर उभी राहा."

"जिराफताई, तुझं वजन कोण करतं?"

विभागातल्या आयाबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, लादी पुसता पुसता हसत सुटल्या. "वा! आम्हाला इतकी वर्षं सुचलं नाही ते हिला बरं सुचलं." संध्याकाळपर्यंत ते नाव सगळ्या मजल्यावर झालं होतं.

भिंगरीचे वडील प्लंबर होते. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आणि भिंगरीच्या आईला समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा जिराफताई मागे उभी होती. निरोगी हृदयात दोन पंप असतात, बाई म्हणाल्या. एक निळं रक्त फुप्फुसांकडे ढकलतो, दुसरा तिथून आलेलं लाल रक्त अंगभर पाठवतो. भिंगरीचा जन्मापासून एकच पंप चालतोय. तो एक अंगासाठी राखायचा आणि निळ्या रक्ताच्या शिरा सरळ फुप्फुसांच्या नळीला जोडून टाकायच्या.

प्लंबरने कागद स्वतःकडे फिरवून घेतला. "म्हणजे या लाईनवर मोटारच नाही?"

"नाही."

"मग पाणी पुढे जाणार कशाने?"

"थोडं शिरांमधल्या दाबाने. आणि थोडं तिच्या श्वासाने. आपण श्वास आत घेतो तेव्हा छाती आतून ओढ घेते. हवा येते, तसं रक्तही आत ओढलं जातं."

"पाइपला तोंड लावून पिंपातलं पाणी ओढतो तसं?"

"साधारण तसंच."

"आणि मशीन लावलं तर? ते तर ओढत नाही, ढकलतं."

"म्हणूनच तिला मशीनवर फार ठेवायचं नाही," बाई म्हणाल्या. "ऑपरेशननंतर लवकर जागी करायची, स्वतः श्वास घ्यायला लागली की नळी काढायची."

भिंगरीच्या आईने एकच विचारलं, "जागी झाली की रडेल ना ती?"

"रडेल," बाई म्हणाल्या. "रडू द्यायचं."

जिराफताईने हे सगळं ऐकलं. ऐकलं ते कानांनी. हातांपर्यंत ते पोचायला वेळ लागणार होता.

ऑपरेशन नीट झालं. त्या दिवशी घरी आल्यावर धाकटीचा फोन आला. धाकटीला दिवस गेले होते, शेवटचे महिने चालू होते. जिराफताईने केव्हाच लांबलचक रजा मंजूर करून घेतली होती, बाळाच्या टोप्या विणल्या होत्या, बॅगेची चेन दुरुस्त करून आणली होती.

"ताई, रागावू नकोस," धाकटी म्हणाली. "तू लगेच येऊ नकोस. आम्ही दोघं बघतो आधी."

"तुम्ही काय बघणार? रात्री बाळ रडलं तर?"

"रडलं तर उठू. सगळे उठतातच की."

"अगं, पण मी असताना तू कशाला..."

"तेच ना, ताई. तू आलीस की मी पुन्हा दुसरीतली मुलगी होते. मला बाळाची आई व्हायचंय. मी सांगेन तेव्हा ये. सांगेन मी नक्की."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने टोप्यांची पिशवी दुसऱ्या खुर्चीवर ठेवली, कपड्यांच्या वर.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ती हे मनात घेऊनच. डॉक्टरीणबाई सकाळी सांगून गेल्या होत्या, झोपेचं औषध उतरवत आणा, पोरीला जागी होऊ द्या, मी दुसरं ऑपरेशन आटपून येते. दुपारी भिंगरीने डोळे उघडले. तोंडात नळी. हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलेले, नळी ओढू नये म्हणून. जिला एक क्षण गप्प बसवत नसे तिच्या घशातून आवाजच निघेना. ओठ नळीभोवती हलत होते. डोळ्यांतून पाणी कडेने वाहत कानात जात होतं. ती मशीनच्या विरुद्ध श्वास घ्यायला बघत होती आणि मशीन ओरडत होतं. तिने मान वळवून जिराफताईकडे पाहिलं. धाकटीची तीच नजर जिराफताईने लहानपणी तिच्या पाठीमागे बसून ओळखली होती, ती आता समोरून बघत होती.

फारच अस्वस्थ झाली तर थोडं औषध द्या, अशी मुभा नर्सना असते. जिराफताईचा हात सिरिंजकडे गेला. भिंगरीचे डोळे मिटले. थोड्या वेळाने पुन्हा चुळबुळली, आणि हात पुन्हा गेला. या वेळी पोरगी अगदी शांत झाली. मशीन संथ लयीत हवा ढकलायला लागलं. जिराफताईचा जीव भांड्यात पडला. तिने भिंगरीचे कान कापसाने टिपले.

"निजली का? बरं झालं बाई," मावशी म्हणाल्या. "बघवत नव्हतं."

मग हळूहळू रक्तदाब उतरायला लागला. आधी थोडा. मग बराच उतरला. लघवी थांबली. पाय गार पडले. धाकटा डॉक्टर धावत आला. हुशार मुलगा, पण या विभागात नवा. त्याने शिरेतून पाणी चालू केलं आणि म्हणाला, "श्वास लहान पडत असतील. मशीनचे श्वास जरा मोठे करू." श्वास मोठे केले. छाती छान फुगायला लागली. आणि रक्तदाब आणखी घसरला.

जे जे आजवर मुलांना तारत आलं होतं ते सगळं चालू होतं, आणि पोरगी हातातून चालली होती.

डॉक्टरीणबाई टोपी न काढताच आत आल्या. त्यांनी भिंगरीचं पाऊल हातात धरलं, मशीनच्या पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हिचा स्वतःचा श्वास कुठे गेला?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"सगळे श्वास मशीनचे आहेत. सकाळी ही स्वतः घेत होती. काय झालं?"

"मी औषध दिलं," जिराफताई म्हणाली. "दोनदा."

"का?"

"रडत होती."

"तोंडात नळी असताना आवाज कुठून ऐकलास?"

"दिसत होतं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर जिराफताईला सोपं गेलं असतं. बाईंनी मशीनचे श्वास लहान केले, त्यांची संख्या कमी केली, आणि हात चालवता चालवता धाकट्या डॉक्टरला सांगू लागल्या. बोलणं त्याच्याशी होतं, पण दोघं ऐकत होती.

"थकलेल्या हृदयाच्या मुलाला ही ढकल आधार देते. हिला तीच आड येते. आपण हवा आत दाबतो, छातीतला दाब वाढतो, आणि अंगातून परत येणारं रक्त छातीच्या दारातच अडतं. मागून रेटायला पंप नाही. फुप्फुसांत रक्त गेलं नाही तर हृदयाला पुढे पाठवायला मिळणार काय? आपण जेवढा मोठा श्वास देतोय, तेवढं तिचं हृदय उपाशी राहतंय. हिला आपला श्वास नको आहे. हिला तिचा हवा आहे."

"मग आता?" धाकट्या डॉक्टरने विचारलं.

"रक्तदाबाचं औषध चालू ठेवू. आणि झोपेचं उतरायची वाट बघू. दुसरं काही नाही." मग त्या जिराफताईकडे वळल्या. "तू इथेच उभी राहा."

"मी नको. दुसऱ्या कुणाला..."

"तूच. या पोरीची छाती तुझ्याइतकी नीट कुणी बघत नाही. मला तुझे डोळे हवेत. हात नकोत. हात मागे बांध."

तिने हात मागे बांधले. एका मुठीत दुसरं मनगट धरलं, घट्ट. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं. काचेपलीकडे भिंगरीची आई उभी होती, कपाळ काचेला टेकून. प्लंबर तिच्या मागे. आत काहीतरी बिनसलंय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मशीनचा एक श्वास यायचा. मग मोकळी जागा. पूर्वी अशी मोकळी जागा दिसली की तिचं काळीज लक्कन हलायचं. आता त्या मोकळ्या जागेतच जे काय व्हायचं ते होणार होतं. ती भिंगरीच्या बरगड्यांवर नजर खिळवून उभी राहिली. काही नाही. पुन्हा मशीन. पुन्हा काही नाही. रक्तदाबाचा आकडा तिने बघितला नाही. बघितला असता तर हात सुटले असते.

मग गळ्याखालच्या खळग्यात किंचित हललं. इतकं थोडं की स्वप्न पडल्यावर मूल चाळवतं तेवढं. पोट जरासं वर आलं. मशीन हललं नव्हतं.

"घेतला," जिराफताई म्हणाली.

"काय?" धाकटा डॉक्टर दचकला.

"तिने घेतला. स्वतः."

बराच वेळ तो एकच राहिला. मग दुसरा आला. मग जरा लवकर तिसरा. मधल्या मोकळ्या जागा भिंगरी आपल्या आपण भरायला लागली, आणि रक्तदाबाची रेघ, जी इतका वेळ जमिनीला चिकटून होती, ती दबकत दबकत वर यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पाऊल हातात धरलं. "अंगठा कोमट झालाय," त्या म्हणाल्या. पिशवीत लघवीचे थेंब दिसले तेव्हा मावशींना इतका आनंद झाला की त्या बाहेर जाऊन काचेपलीकडच्या आईला खुणेने तेच सांगायला लागल्या, आणि आईला काही कळेना.

भिंगरी जागी झाली. पुन्हा तेच पाणी, तीच नजर. जिराफताईच्या मुठीतलं मनगट लाल झालं होतं.

"आता काढायची," बाई म्हणाल्या.

"अजून किती दमलीय ती," जिराफताईच्या तोंडून निघून गेलं.

"दमलीय. पण नळी काढली की कमी दमेल."

नळी निघाली. भिंगरी खोकली, निळीजांभळी झाली, आणि मग एक मोठा, फाटका श्वास आत ओढून घसा बसलेल्या आवाजात रडायला लागली. प्रत्येक हुंदक्याआधी ती छाती भरून हवा घेत होती. प्रत्येक वेळी पडद्यावरची रेघ थोडी चढत होती. जिराफताईने आयुष्यभर जे थांबवण्यासाठी जिवाचं रान केलं होतं, ते ती हात मागे बांधून ऐकत उभी राहिली.

थोड्या वेळाने भिंगरीने तिला ओळखलं. "जिराफ, पाणी दे."

"आत्ता नाही मिळणार, बाळा. थोडं थांब."

"हात सोड माझे."

"सोडतील आता."

"तू वाईट आहेस. जा तू."

"बरं," जिराफताई म्हणाली. पण गेली नाही.

संध्याकाळी तिने स्वतःच बाहेर जाऊन भिंगरीच्या आईवडिलांना सांगितलं. मी औषध जास्त दिलं, त्याने तिचा स्वतःचा श्वास थांबला, आणि त्याने ती खालावली. डॉक्टरीणबाई बरोबर होत्या, त्यांनी पुढचं सगळं नीट समजावलं. प्लंबरने स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "गळू नये म्हणून जास्त आवळायला जातो माणूस, आणि आटे जातात. माझ्याकडूनही गेलेत. पण ते नळाचे हो, सिस्टर."

"हो," ती म्हणाली.

पोरगी घरी जाईपर्यंत भिंगरीची आई जिराफताईशी एक अक्षर बोलली नाही. औषध द्यायला ही खाटेजवळ गेली की ती उठून मधे उभी राहायची, वाटीतलं औषध स्वतः हातात घ्यायची आणि स्वतः पाजायची. जिराफताईला त्यात काही वावगं वाटलं नाही. भिंगरी मात्र दुसऱ्याच दिवशी राग विसरली. तिने जिराफताईला मान किती वळते ते करून दाखवायला लावलं, आणि जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं की पुढच्या वेळी येईन तेव्हा एवढी उंच राहू नकोस, मला वर बघून बघून मान दुखते. ओठ गुलाबी झाले होते. जिना तिने वडिलांचं बोट धरून, मधेमधे थांबत, पण स्वतः उतरला. आई मागे वळून न बघता पुढे गेली.

त्या आठवड्यात जिराफताईने आपली रजा रद्द करून घेतली. मग धाकटीला फोन केला.

"तू म्हणशील तेव्हा येईन," ती म्हणाली.

"ताई, बरी आहेस ना?"

"बरी आहे. का?"

"नाही, काही नाही. एवढं सरळ कधी ऐकलं नव्हतंस."

बाळ झालं तेव्हा फोन आला, फोटो आला, पण बोलावणं आलं नाही. बाळाला ताप आला त्या दिवशी ती स्टेशनपर्यंत गेली, बाकावर बसली आणि परत आली. बोलावणं आलं ते बाळ पालथं पडायला लागल्यावर. ती चार दिवसांसाठी गेली. तिथेही हात मागे बांधून पाळण्याजवळ उभी राहायची, तेव्हा धाकटीचा नवरा हसून म्हणाला, "ताई, म्युझियममध्ये आल्यासारख्या काय बघताय? घ्या की त्याला." तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान डोलावली, तेव्हा घेतलं. बाळ झोपल्यावर धाकटीने ते पुन्हा आपल्याकडे घ्यायला हात पुढे केले, आणि हिने लगेच दिलं.

विभागात आता तशी पद्धतच पडली आहे. ज्या मुलाच्या हृदयाच्या शिरा भिंगरीसारख्या जोडलेल्या असतात त्याची नळी काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाई विचारतात, "जिराफताई आहे का आज?" ती नसली तर जमलं तर दुसऱ्या दिवशी काढतात. ती येते, खाटेच्या पायथ्याशी उभी राहते, मनगट मुठीत धरते आणि बघते. नव्या नर्सना वाटतं ही बाई काहीच करत नाही. मावशी त्यांना सांगतात, "करते गं. तिला किती जड जातं ते तुला नाही कळायचं."

भिंगरी अजून तपासणीला येते. बरीच उंच झाली आहे. कधी तिला घेऊन वडील येतात, कधी आई. आई आता मान हलवून ओळख देते.

जिराफताई तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहते. सकाळच्या पाळीला जाताना अर्धा पाव घेते. तो तिला दोन दिवस पुरतो.